तिकडे एकदाच विचारतात

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले प्राचार्य सर, आवर्जून वेळ काढून आलेले आपल्या गावचे ज्येष्ठ दंतवैद्य, मला मेण वितळवायला आणि कोरायला शिकवणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या बाई, संस्थेतले सगळे शिक्षक आणि कर्मचारी, समोर बसलेले पालक, आणि येत्या बुधवारी विमानात बसणाऱ्या माझ्या बारा धाकट्या सहकाऱ्यांनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख करून देताना सांगितलं, की मी परदेशात जाऊन संस्थेचा झेंडा रोवला. ताई, तुमचे शब्द फार गोड आहेत, पण झेंडा-बिंडा मी काही रोवलेला नाही. मी कवळ्या करते. गेली अकरा वर्षं तिकडच्या एका डेंटल लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बसून मी लोकांचे दात बनवते. ज्यांना मी हसायला दात दिले, त्यातल्या एकालाही मी पाहिलेलं नाही. आमच्यापर्यंत पोचतो तो फक्त त्यांच्या जबड्याचा साचा.

प्राचार्य सरांनी मला सांगितलं होतं, की मुलांना तिकडच्या कामाबद्दल चार गोष्टी सांगा. सर, कामाबद्दल मी काय सांगू? दात इथं बत्तीस, तिकडेही बत्तीसच. प्लास्टर इथं जितक्या वेळात सुकतं, तितक्याच वेळात तिकडे सुकतं. तुम्ही बारा जणांनी हात चांगला कमावलाय, मघाशी तुमचे नमुने पाहिले. कामात तुमचं काही अडणार नाही. अडेल ते भलतीकडेच. म्हणून परवानगी असेल तर मी आज जरा घरातलं सांगते.

पहिल्या दिवशीची गोष्ट. मी लॅबमध्ये गेले. सकाळी एका सहकारी बाईंनी विचारलं, "चहा घेणार?" मी म्हटलं, "नको नको." आता आपल्याकडे ह्या "नको नको"चा अर्थ काय, हे ह्या सभागृहातल्या लहान पोरालाही कळतं. पहिलं नको म्हणजे संकोच, दुसरं नको म्हणजे संस्कार, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, अर्धा कप." बाईंनी मान डोलावली, स्वतःपुरता चहा केला आणि माझ्यासमोर बसून शांतपणे प्यायल्या. मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत संध्याकाळपर्यंत तहानलेली! दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंसुद्धा नाही. का विचारतील? बाईला चहा चालत नाही, हे त्यांना कळलं होतं ना.

हसताय. हसा. मीही आता हसते. तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं, की इथली माणसं फार कोरडी आहेत.

दुसरी अडचण मालकांची. माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ, पण लॅबमध्ये सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. माझी जीभ वळेना. सर म्हटलं की सगळे हसायचे, नाव घ्यायला माझं मन धजेना. मग मी एक युक्ती काढली. काही विचारायचं असलं की त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायची आणि खोकायची. चार महिने मी अशी खोकले. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "प्लास्टरच्या धुळीचा त्रास होतोय का? डॉक्टरला दाखव."

असो. ह्या सगळ्या वरवरच्या गोष्टी. त्या चार-सहा महिन्यांत अंगवळणी पडतात. जे अंगवळणी पडायला मला तीन वर्षं लागली आणि ज्याची किंमत माझ्या सासूबाईंना मोजावी लागली, ते आता सांगते.

मी गेल्यावर आठ महिन्यांनी आमचे हे आले, आणि त्यांच्याबरोबर माझ्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणायचे. आई इथं होत्या तेव्हा त्यांचं निम्मं आयुष्य दारात उभं राहून बोलण्यात गेलं होतं. भाजीवाला, टपालवाला, वरच्या मजल्यावरची सून, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. तिकडे आमची जागा दुसऱ्या मजल्यावर. एका जिन्यावर समोरासमोर दोन दारं. आम्ही सामान चढवत होतो तेव्हा समोरचं दार उघडलं. साठी ओलांडलेल्या, उंच, केस अगदी बारीक कापलेल्या बाई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, हे पुढे कळलं. त्या म्हणाल्या, "काही मदत लागली तर सांगा."

मी काय म्हटलं असेल? बरोबर. "नको नको, काही नको."

त्या "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पुढे तीन वर्षं जिन्यात भेटलो की त्या हसायच्या, मी हसायचे. बस्स. आई दिवसभर घरात एकट्या. मी सकाळी सातला निघायची, ह्यांची गोदामात पाळी. आई टीव्ही लावायच्या आणि आवाज बंद करून नुसती चित्रं बघायच्या, कारण आवाजाचा उपयोग नव्हता. एकदा मला म्हणाल्या, "अगं, इथं माणसं राहतात की नुसते बूट? दारादाराबाहेर बूट दिसतात, माणूस एक दिसत नाही."

मी म्हटलं, "आई, इथली रीतच तशी आहे. कुणी कुणाकडे जात नाही."

"समोरची ती?"

"तिला काय पडलंय!"

हे वाक्य मी बोलले होते, हे लक्षात असू द्या. पुढे मला ते जड गेलं.

तिसऱ्या वर्षी, एका गुरुवारी, मी चारच्या सुमाराला घरी आले. दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली. अक्षर अगदी फळ्यावरच्यासारखं सुबक. "११.२०. तुमच्या घरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बेल वाजवली. सगळं ठीक असेल अशी आशा आहे. काही लागलं तर कळवा. समोरची शेजारीण."

मी दार उघडलं. आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. शुद्धीवर होत्या, ओठ वाळले होते. सकाळी सव्वाअकरापासून दुपारी चारपर्यंत त्या गार फरशीवर होत्या.

अँब्युलन्सला फोन केला. ती यायला दहा-बारा मिनिटं लागली. तेवढ्या दहा मिनिटांत मी एक काम केलं, जे मी आयुष्यात विसरणार नाही. आईंच्या अंगावर पांघरूण घातलं, डोक्याखाली उशी दिली, ती चिठ्ठी दारावरून ओढून काढली आणि समोरची बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं. मी ती चिठ्ठी त्यांच्या तोंडासमोर धरली आणि ओरडले. कुठल्या भाषेत ओरडले असेन? मराठीत! माणूस खरं चिडलं की परकी भाषा कुठली आठवणार? "आत माणूस मरत होतं आणि तुम्ही चिठ्ठ्या काय लिहिता? हृदय आहे का दगड?" एक अक्षर कळलं नसेल त्यांना, पण अर्थ पूर्ण पोचला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या एवढंच म्हणाल्या, "मी बेल वाजवली. तीनदा वाजवली. आतून आवाज आला नाही. माझ्याकडे तुमची किल्ली नाही. तुमचा फोन नंबर नाही."

मी वळले आणि निघून आले.

त्या दिवशी हॉस्पिटलात मी आणि आमचे हे बाकावर बसून त्या बाईंना यथेच्छ बोललो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी आई जरा सावध झाल्या तेव्हा मी त्यांनाही ते सांगायला लागले. समोरच्या बाईला कशी माणुसकी नाही, नुसती चिठ्ठी लिहून गेली वगैरे. आई छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बेल मी ऐकली गं."

"मग हाक का नाही मारलीत?"

"अंघोळ करून निघाले होते. अंगावर नीट कपडे नव्हते. परक्या बाईसमोर तसं... म्हटलं, वाजवेल आणि जाईल."

"तीनदा वाजवली तिने!"

"हो. तिसऱ्या वेळेला माझ्या तोंडाशी हाक आली होती. पण तिच्याशी आपला काय संबंध? तीन वर्षांत एक शब्द नाही. कुठल्या तोंडाने बोलवायचं?"

सभ्य स्त्री-पुरुषहो, मला सांगा, आता मी कुणाला दोष देणार होते? दाराच्या बाहेर एक बाई उभी होती, जिला वाटत होतं न बोलावता आत शिरणं म्हणजे अपमान. दाराच्या आत एक बाई पडली होती, जिला वाटत होतं तोंडाने बोलवणं म्हणजे कमीपणा. दोघीही आपापल्या आईने शिकवलं तसंच वागत होत्या. आणि ह्या दोघींच्या मध्ये मी होते. मला दोन्ही भाषा येत होत्या, आणि मी तीन वर्षांत दोघींची साधी ओळखसुद्धा करून दिली नव्हती.

तरी माझा पीळ सुटला नव्हता बरं का. सोमवारी लॅबमध्ये गेले. आमच्याकडे प्लास्टर ओतणारे एक गृहस्थ आहेत, मी त्यांना मनातल्या मनात प्लास्टरमामा म्हणते. फार कमी बोलतात. त्यांनी विचारलं, "घरी आल्यावर सासूबाईंजवळ कोण बसणार?"

मी म्हटलं, "कुणी नाही. आम्ही दोघं पाळ्या लावू, रजा काढू."

"शेजारी?"

"त्यांना काय पडलंय!"

साच्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "तू विचारलंस?"

मी म्हटलं, "आमच्याकडे विचारायची वेळ आली तर त्याला शेजारी म्हणत नाहीत."

ते म्हणाले, "आमच्याकडे न विचारता येणाऱ्याला आगाऊ म्हणतात."

एवढं बोलून त्यांनी साचा उलटा केला आणि ठोकायला लागले. मी माझ्या टेबलावर येऊन बसले. त्या दिवशी माझ्या हातून मेणाचे दोन दात वाकडे बसले, इथं बसलेल्या आमच्या बाईंना सांगायला आज लाज वाटत नाही.

त्या संध्याकाळी मी आमच्या घराची जादा किल्ली घेतली आणि समोरची बेल वाजवली. मध्ये जागा केवढी? चार पावलं. पण तुम्हाला खरं सांगते, मी परदेशी जाण्यासाठीची परीक्षा दिली, मुलाखती दिल्या, एकटीने विमानात बसले, त्यातलं काहीही त्या चार पावलांइतकं अवघड नव्हतं. आपल्याला लहानपणापासून काय शिकवलेलं असतं? कुणापुढे हात पसरू नये. भलं माणूस न सांगता ओळखतं. आणि ज्याला सांगावं लागतं, त्याला सांगून उपयोग नसतो. हेच ना? मी हे इतकं मनापासून मानत होते, की माझ्या तोंडात "मदत करा" हे दोन शब्द कुठल्याच भाषेत बसत नव्हते.

दार उघडलं. आधी मी क्षमा मागितली. म्हटलं, "त्या दिवशी मी चुकीचं बोलले. सासूबाईंनी बेल ऐकली होती. त्या लाजेने गप्प राहिल्या."

बाई दाराची कड धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "गुरुवारपासून मी विचार करतेय, की पोलिसांना बोलवायला हवं होतं का. मग वाटलं, तुम्ही म्हणाल ही म्हातारी आमच्या घरात नाक खुपसते. म्हणून चिठ्ठी लिहिली. ती तीनदा फाडून लिहिली."

मग मी बोलले. माझा आवाज कसा निघाला असेल, देव जाणे. "सासूबाई शुक्रवारी घरी येतील. सकाळी त्यांच्याजवळ कुणी नसतं. तुम्ही येऊन बसाल का?"

मी मनाची तयारी केली होती, की त्या सबब सांगतील. त्या आत गेल्या. कॅलेंडर घेऊन आल्या. म्हणाल्या, "सोमवार, बुधवार, शुक्रवार. दहा ते बारा. गुरुवारी मला जमणार नाही आणि मंगळवारी मी पोहायला जाते." आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

आपल्याकडे कुणी असं म्हणालं तर आपण म्हणू, हे काय वेळापत्रक आहे? मायेला कधी घड्याळ असतं का? मलाही तसंच वाटलं. पण त्या बाई चौदा महिने आल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एकदाही चुकल्या नाहीत. सुरुवातीला मी रजेवर घरी होते तेव्हा आई वॉकर धरून दाराच्या भिंगातून बघायच्या आणि कुजबुजायच्या, "आली गं. बाहेर उभी आहे. उघडू?" मी घड्याळ बघायचे. दहाला तीन मिनिटं कमी. म्हणायचे, "थांबा आई, तिला दहा वाजू दे."

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि त्यामुळे काही अडलंही नाही. चालायचा व्यायाम होता. खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आई मराठीत पावलं मोजायच्या, बाई त्यांच्या भाषेत. गणिताच्या शिक्षिकाच त्या, महिन्याभरात वीसपर्यंत मराठी अंक पाठ. फक्त एकोणीसला अडखळायच्या, तेव्हा आई काठी आपटून म्हणायच्या, "पुन्हा!" व्यायाम झाला की दोघी बसून आपापल्या भाषेत बोलायच्या. काय बोलायच्या ते मला कधी कळलं नाही. पण सूर ऐकून वाटायचं, विषय सुनांचाच असणार.

भांडणंही झाली. बाई जाताना रोज आभार मानायच्या. आईंना ते लागायचं. "येते ती, बसते ती, आणि आभारही तिनेच मानायचे? मला परकी समजते का?" मी समजावलं, की आई, ही इथली निरोप घ्यायची पद्धत आहे. तर म्हणाल्या, "मग मी 'ये हं परत' म्हणत जाते. माझी पद्धत." आणि तेच म्हणत राहिल्या, शेवटपर्यंत.

आई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. वॉकरवरून काठीवर आल्या. गेल्या वर्षी, एका दुपारी, झोपेतच गेल्या.

हे मी थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी सगळे विधी उरकून आम्ही दोघं घरी आलो. घर कसं होतं, ते ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना सांगायला नको. आपल्याकडे अशा वेळी चपलांचा ढीग लागतो, चहा कोण करतंय हे घरच्यांना कळतसुद्धा नाही. तिथं आम्ही दोघं आणि आवाज बंद असलेला टीव्ही. आमचे हे म्हणाले, "इथं कोण येणार आहे?"

मी एक कागद घेतला आणि तिकडच्या भाषेत लिहिलं, "आमच्या आई काल गेल्या. आज चार ते सहा आमचं दार उघडं राहील. तुम्ही आलात तर आम्हाला बरं वाटेल."

हे म्हणाले, "असं कुणी लिहितं का? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "आले तर म्हणतील ना."

खाली टपालपेट्यांशेजारी कागद चिकटवला आणि येऊन बसले. चारला पहिली बेल वाजली. दार उघडंच होतं, तरी बेल वाजवली. सव्वाचारपर्यंत आमच्या तीन खुर्च्या आणि एक पलंग संपला होता. लोक भिंतीला टेकून उभे होते. पहिल्या मजल्यावरचं जोडपं, शेजारच्या जिन्यातला बेकरीत काम करणारा माणूस, लॅबमधून प्लास्टरमामा, हातांना तसंच पांढरं लागलेलं. चौथ्या मजल्यावरचा एक गृहस्थ आला. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. म्हणाला, "सकाळी मी सायकलवरून निघालो की त्या खिडकीतून हात करायच्या. मीही करायचो. सात वर्षं. त्यांचं नाव काय होतं?"

आम्हाला हे माहीतच नव्हतं. आई आम्हाला कधी बोलल्या नाहीत.

सहा वाजता लोक उठले. तिकडे सहा म्हणजे सहा. एकेकाने हात हातात घेतला आणि निघाले. समोरच्या बाई मात्र पलंगाच्या कडेला बसून होत्या.

मी म्हटलं, "सहा वाजले."

त्या म्हणाल्या, "हो." आणि बसून राहिल्या.

एवढीच गोष्ट.

माझ्या बारा सहकाऱ्यांनो, तिकडची माणसं कोरडी नाहीत आणि आपली माणसं आगाऊ नाहीत. तिकडे एकदाच विचारतात, म्हणून पहिल्याच वेळी खरं उत्तर द्या. भूक असेल तर हो म्हणा. मदत हवी असेल तर तोंडाने मागा, आणि वार आणि वेळ सांगून मागा. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात समोरच्या दाराला तुमचा फोन नंबर द्या. उगाच शहाणपण शिकवतेय असं वाटत असेल, तर वाटू द्या. मला हे कुणी शिकवलं असतं तर एक म्हातारी बाई पाच तास फरशीवर पडली नसती.

आणि पालकहो, तुमच्याशी एक शब्द. मुलं फोनवर सांगतील, "सगळं ठीक आहे." मीही माझ्या आईला तेच सांगायचे. ते ऐकून फोन ठेवू नका. जेवलास का, हेही नंतर विचारा. आधी विचारा, "आज तू कुणाशी बोललास?" उत्तराला वेळ लागला, तर फोनवर तसेच थांबा.

मला बोलायला दहा मिनिटं दिली होती. घड्याळाबद्दल एवढं बोलून मीच ती ओलांडली, तेव्हा अध्यक्ष महोदयांनी तेवढं पदरात घ्यावं. कामाबद्दल बोलायला बोलावलं होतं आणि मी घरचं गाऱ्हाणं मांडून बसले, त्याबद्दल प्राचार्य सरांनी रागावू नये. इतकी वर्षं परक्या भाषेत राहिल्यामुळे बोलण्यात कुठे अधिकउणं झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपली लेक समजून सांभाळून घ्या. संस्थेने मला आठवणीने बोलावलं, आपण सगळ्यांनी इतकं शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बारा जणांना खूप शुभेच्छा. नीट जा. नमस्कार.